बेचाळिसावी पट्टी

१

मंगळवारी दुपारी सव्वातीन वाजता मी स्लाइडची क्लिप उघडली आणि आत काहीच नव्हतं.

अगदी काहीच नाही असं म्हणता येणार नाही. काळा पुठ्ठा होता, त्यातला गोल खळगा होता, खळग्याच्या तळाशी वाळलेल्या डिंकाचा डाग होता. कडेला लेबलही होतं: ‘बार्नॅकल, पाठीची पट्टी, खालची खाण, एकमेव नमुना.’ फक्त तो एकमेव नमुना तेवढा जागेवर नव्हता.

बार्नॅकल म्हणजे काय, हे मला लग्नसमारंभात सुद्धा सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगतो. समुद्रातल्या खडकाला किंवा बोटीच्या बुडाला स्वतःचं डोकं चिकटवून जन्मभर तिथेच राहणारा हा कवचाचा प्राणी. कोट्यवधी वर्षांपूर्वी जिथे समुद्र होता आणि आता जिथे खडूच्या खाणी आहेत, तिथे त्याचे अवशेष सापडतात. सबंध प्राणी जवळजवळ कधीच सापडत नाही. मेल्यावर कवच सुटतं आणि त्याच्या पट्ट्या पांगतात. तांदळाच्या दाण्याहून लहान अशा एकेका पट्टीवरून हा प्राणी कोण, हे ओळखायचं असतं. त्यासाठी वेड लागावं लागतं आणि ते मास्तरांना लागलं होतं.

मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. चाळीस वर्षं सुट्टीचा प्रत्येक दिवस त्यांनी खडूच्या दोन खाणींमध्ये घालवला. सहा महिन्यांपूर्वी ते गेले आणि त्यांच्या दोनशे बारा पेट्या आमच्या संग्रहालयात आल्या. शेवटच्या वर्षी त्यांना ही पट्टी सापडली होती. ती नव्या जातीची आहे, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते छापून यायचं होतं. गुरुवारी सकाळी दहा वाजता बाहेरगावचे एक परीक्षक ती पट्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला येणार होते.

मी इथला चित्रकार. एकतीस वर्षं दगडांची चित्रं काढतोय. माणसांची काढली असतीस तर चार ओळखी तरी झाल्या असत्या, असं माझी बहीण म्हणते. ती वर्षातून एकदा फोन करते, त्यामुळे तिचं बोलणं मी फारसं मनावर घेत नाही.

टेबलाच्या पलीकडे ताई बसल्या होत्या. ताई म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहीण. दोघांनीही लग्न केलं नाही, जन्मभर एकाच घरात राहिले. मास्तर खाणीतून खडू आणायचे, तो भिजवून, धुऊन, चाळून त्यातल्या पट्ट्या ताई वेचायच्या आणि मग मास्तर त्या ओळखायचे. आता दर मंगळवारी ताई पेट्या लावायला यायच्या. तीन तास आम्ही समोरासमोर बसायचो आणि जेमतेम दहा वाक्यं बोलायचो. माझ्या आठवड्यातली बरीचशी वाक्यं त्या दहांतच संपायची.

“गेली,” मी म्हटलं.

ताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. “नीट बघा, चित्रकार,” त्या म्हणाल्या.

मी पुन्हा बघितलं. स्लाइड रिकामीच होती.

२

संग्रहालयाच्या साहेबांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग त्यांनी दार लावून घेतलं.

पोलिसांत जायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. चार मिलिमीटरची वस्तू हरवली म्हणून तक्रार द्यायला गेलो तर ते मलाच बसवून पाणी पाजतील, असं त्यांचं म्हणणं पडलं. पण हसू तेवढ्यापुरतंच होतं. पट्टी दाखवता आली नाही तर परीक्षक ‘नमुना उपलब्ध नाही’ असं लिहिणार. त्याचा या धंद्यातली माणसं एकच अर्थ काढणार, की म्हाताऱ्याने नमुना मनाने रचला होता.

“एक खोटं ठरलं की उरलेल्या पेट्यांकडे कोण ढुंकून बघणार?” साहेब म्हणाले. “माणूस जाऊन सहा महिने झालेत, चित्रकार. आता तो येऊन सांगणार नाहीये.”

काम माझ्याकडे आलं. कारण विचाराल तर मला बारीक बघायची सवय आहे असं साहेब म्हणाले. खरं कारण मला ठाऊक आहे. घरी माझी वाट बघणारं कुणी नाही हे कचेरीत सगळ्यांना माहीत आहे आणि असली कामं आपसूक माझ्याच गळ्यात पडतात.

मी आधी ती रिकामी स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली घातली. माणसांना प्रश्न विचारायचं जितकं लांबेल तितकं बरं.

पट्टी स्लाइडवर डिंकाने चिकटवलेली असते. ती काढायची तर ओल्या कुंचल्याने पाण्याचा एक थेंब सोडायचा, दोन-तीन मिनिटं गप्प बसायचं आणि डिंक मऊ झाला की कुंचल्याच्या टोकाने पट्टी हलकेच उचलायची. घाई केली की पट्टी तुटते आणि पुठ्ठ्यावर ओरखडे उठतात. इथे एकही ओरखडा नव्हता. डिंकावर कुंचल्याची एक सरळ, शांत रेघ होती. काढणाऱ्याने काढून झाल्यावर काच जागेवर बसवली होती, क्लिप लावली होती आणि स्लाइड बरोबर तिच्या क्रमांकावर ठेवली होती.

रागाने किंवा लोभाने नेणारा माणूस सगळी स्लाइडच खिशात टाकतो. हे काम ज्याचा हात बसला आहे अशा माणसाचं होतं. आमच्या इमारतीत असे चौघेच. एक मी. दुसरी फोटोवाली, म्हणजे मास्तरांचा निबंध पुरा करणारी तरुण संशोधक. तिसऱ्या ताई. चौथे साहेब, पण त्यांनी पंधरा वर्षांत कुंचला धरलेला नाही आणि हल्ली सही करतानाही त्यांचा हात थरथरतो.

सोमवारी संध्याकाळी साहेबांनी ती पट्टी एका वार्ताहर बाईंना दाखवली, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. तेव्हा ती होती. म्हणजे सोमवारी संध्याकाळनंतर आणि मंगळवारी सव्वातीनच्या आधी कुणीतरी ती उचलली होती.

मी किल्लीदाराकडे गेलो. त्याने वही उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “हे लिहू नका असं मला सांगितलं होतं. म्हणून मुद्दाम लिहिलंय.”

३

त्या ओळीत फोटोवाली होती. मंगळवार, दीड ते एक वाजून बेचाळीस मिनिटं.

कपाटाची किल्ली सकाळी दहाला मी घेतो, एक वाजता जेवायला जाताना कुलूप लावून किल्लीदाराकडे देतो आणि दोनला परत घेतो. मधल्या वेळात ती कुणी मागत नाही. हिने मागितली होती आणि वर नोंद करू नका म्हणून सांगितलं होतं.

बुधवारी सकाळी मी तिच्या खोलीत गेलो. तिच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं, ते आधीच सांगून टाकतो. ती पट्ट्या डोळ्यांनी बघत नाही, इलेक्ट्रॉनच्या यंत्रात घालते आणि भिंतभर मोठे फोटो काढते. आधी यंत्र, मग फोटो, मग संगणक. माझ्या पेन्सिलीला ती ‘छान आहे हो’ म्हणाली होती, ते मी विसरलेलो नाही. तेव्हा चोर तीच निघावी अशी माझी थोडीशी इच्छाही होती.

भिंतीवर आमच्या पट्टीचा काळा-पांढरा फोटो लावला होता, दाराएवढा. त्याखाली ती बसली होती आणि तिचे डोळे सुजले होते.

तिने आढेवेढे घेतले नाहीत. हो, किल्ली घेतली होती. हो, स्लाइड काढली होती. उघडली मात्र नव्हती, काचेवरूनच नुसत्या डोळ्यांनी पाहिली होती. गेले दोन आठवडे तिला झोप नव्हती. पट्टीवर वाढीच्या रेघा असतात, झाडाच्या खोडात असतात तशा. त्या रेघा तिने मोजल्या होत्या आणि त्या वरच्या खाणीतल्या एका अगदी ओळखीच्या जातीच्या पिल्लाशी जुळत होत्या.

इथे दोन खाणींचं सांगायला हवं. खालच्या खाणीतला खडू जुना, वरच्या खाणीतला त्याच्याहून कोटभर वर्षांनी नवा. वरच्या खाणीतल्या पट्ट्यांसारखी पट्टी खालच्या खाणीत सापडली, यातच तिचं सगळं मोल होतं. इतक्या आधी असा प्राणी होता, तर तो वेगळाच असणार, असं मास्तर म्हणत होते.

“आणि तुला काय वाटतं?” मी विचारलं.

“मला वाटतं ती नवी नाहीच. ती खालच्या खाणीत कशी आली तेवढं कळत नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“कोणाला बोलू, सर? माझी नेमणूक या निबंधापुरती आहे. तो नाही तर मीही नाही. आणि चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला मी, दोन वर्षांची पोर, चुकलात म्हणून सांगू? तेही ते नसताना?”

ती खरं बोलत असेल तर एक वाजून बेचाळीस मिनिटांनी पट्टी जागेवर होती. खोटं बोलत असेल तर चोर सापडला होता. मी पुन्हा हिशेब मांडला. तिच्या हातात बारा मिनिटं होती, म्हणजे वेळ भरपूर होता. पण पट्टी लपवून तिचं काय साधणार? पट्टी गेली की निबंध गेला आणि निबंध गेला की नोकरी गेली. उलट पट्टी राहिली असती आणि परीक्षकांनीच चूक काढली असती, तर तिच्यावर काहीच आलं नसतं. माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो, पण इतक्या हळुवार हाताने नाही.

मी तिचं म्हणणं खरं धरलं. जिना उतरताना मला त्याचा अर्थ कळला. दोनपासून सव्वातीनपर्यंत कपाट उघडं होतं आणि त्या खोलीत मी स्वतः बसलेलो होतो.

४

खोलीत मी होतो आणि ताई होत्या.

अडीचच्या सुमाराला ताई म्हणाल्या होत्या, की थर्मासमधलं पाणी कोमट झालंय, कॉफी नीट होणार नाही. मी खाली जाऊन गरम पाणी आणलं. जाऊन यायला दहा मिनिटं लागली. आदल्या दिवशी साहेबांना सगळ्या हालचाली सांगताना मी ही दहा मिनिटं वगळली होती. लपवली नव्हती, पण त्या बाजूला माझं मनच गेलं नव्हतं. ज्यांच्या समोर बसून आपण आठवड्यातली दहा वाक्यं बोलतो, त्यांचं नाव संशयितांत घालायला हात धजावत नाही.

शिवाय कारणच नव्हतं. भावाचं नाव होणार होतं. चाळीस वर्षं जिने खडूच्या पाण्यात हात घातले, ती बहीण ते नाव स्वतःच्या हाताने का पुसेल?

मी माझं चित्र बाहेर काढलं. दोन महिन्यांपूर्वी या पट्टीचं पेन्सिलचित्र मीच काढलं होतं. मी छापायला काळं-पांढरं देतो, पण सवयीने समासात रंग टिपून ठेवतो. समासात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘खाचेत किंचित निळसर.’ तेव्हा मी ते दिव्यावर ढकललं होतं. खडूत निळं काही नसतं.

फोटोवालीच्या यंत्राला रंग दिसत नाही. साहेबांनी भिंगातून पाहिलं ते वार्ताहर बाईंना दाखवण्यापुरतं. म्हणजे ते निळं दोघांनीच पाहिलेलं असू शकत होतं. एकाने ते टिपून ठेवलं आणि विसरून गेला. दुसऱ्या माणसाने ते वेचतानाच पाहिलं असणार.

मी मास्तरांच्या पेट्या उघडायला घेतल्या. पहिल्याच पेटीच्या झाकणाला आतून त्यांच्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता. खडू कसा भिजवायचा, किती वेळ, चाळणी कोणती, सगळं लिहिलेलं. आणि शेवटी: ‘प्रत्येक धुण्यानंतर चाळणी निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवावी. जाळीत अडकून राहिलेले दाणे निळे होतील. पुढच्या धुण्यात निळा दाणा दिसला तर तो आधीच्या खडूचा. तो घेऊ नये.’

निळी पट्टी खालच्या खाणीतली नव्हतीच. ती वरच्या खाणीतली होती, आधीच्या धुण्यातली. जाळीत अडकून राहिलेली, निळी झालेली, टाकायची पट्टी. फोटोवालीचं बरोबर होतं.

मग मास्तरांनी ती घेतली कशी? हा नियम तर त्यांनीच लिहिला होता. मी लेबलं चाळली. एकोणचाळीस वर्षांची लेबलं निळ्या शाईत होती. शेवटच्या वर्षातली मात्र काळ्या शाईत. अक्षर तेच, शाई बदललेली. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. डोळ्यातलं भिंग पिवळं पडलं की निळा रंग आधी जातो, हे मला माझ्या धंद्यामुळे माहीत आहे. त्यांना स्वतःची निळी शाई वाचता येईनाशी झाली होती. तो दाणा त्यांना राखाडी दिसला असणार.

परीक्षक मात्र स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होते आणि ते निळं त्यांना पहिल्या नजरेत दिसणार होतं. ताईंना ते कळत होतं, म्हणून पट्टी गेली होती.

आता ती कुठे असेल, एवढंच उरलं. ताईंनी ती फेकली असेल, हे मला पटेना. त्या तुटका तुकडासुद्धा कागदात बांधून ठेवतात. चाळीस वर्षं ज्या बाईने प्रत्येक पट्टी तिच्या योग्य घरात ठेवली, ती ही पट्टी कुठे ठेवेल?

वरच्या खाणीची, त्याच ओळखीच्या जातीची, एकेका चौकोनात एकेक पट्टी चिकटवलेली स्लाइड मी काढली. लेबलावर लिहिलं होतं, ‘पट्ट्या ४१.’ मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. बेचाळीस होत्या.

५

ताईंचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. मी तिथे कधी गेलो नव्हतो. कुणी बोलावल्याशिवाय मी जात नाही आणि मला कुणी बोलावत नाही.

दार उघडून त्यांनी मला एकदा पाहिलं आणि आत जाऊन बसल्या. काय झालं, हे विचारलंसुद्धा नाही. स्वयंपाकघराच्या मोरीवर तीन चाळण्या टांगलेल्या होत्या, कोरड्या. खिडकीपाशी मास्तरांचं टेबल होतं. त्यावरचा सूक्ष्मदर्शक आमच्याकडे आल्यामुळे लाकडावर त्याच्या बुडाएवढा चौकोन स्वच्छ राहिला होता.

“सापडली का?” त्यांनी विचारलं.

“एकेचाळीसच्या घरात बेचाळिसावी,” मी म्हटलं. “टाकून दिली असती तर मला कधीच सापडली नसती.”

“टाकायची कशी? खरी आहे ती,” ताई म्हणाल्या. “लेबल तेवढं खोटं आहे.”

मग त्यांनी सांगितलं. चाळणीत अडकून आली, नजर चुकली, असं काही झालंच नव्हतं. वेचताना निघालेले निळे दाणे त्या एका डबीत वेगळे ठेवायच्या. त्यातली एक बरी पट्टी त्यांनी मुद्दाम खालच्या खाणीच्या चाळलेल्या खडूत टाकली होती. मास्तर थकले होते, वर्षभरात हाती काही लागलं नव्हतं. त्यांना बरं वाटावं म्हणून टाकली. चार दिवस खूश राहील, मग आपोआप त्याच्या लक्षात येईल, असं त्यांना वाटलं होतं. त्यांच्या लक्षात आलं नाही. सात आठवड्यांनी ते गेले, आणि निबंध टेबलावर जवळजवळ तयार होता.

“म्हटलं, वस्तूच नसली तर निबंधही नाही. विषय संपला,” त्या म्हणाल्या. “बाळचं नाव तसंच राहील.” सत्तर वर्षांच्या मास्तरांना त्या बाळ म्हणायच्या.

मला सांगणं भाग होतं. पट्टी नसेल तर मास्तरांना खोटारडे म्हणतील, हे सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग ठेवा परत, त्या म्हणाल्या, म्हणू देत चुकला. म्हातारपणी कोण चुकत नाही?

पण तेवढ्यानेही भागणार नव्हतं. परीक्षक निळं बघणार आणि म्हणणार, यांच्या घरी एका खाणीचे दाणे दुसऱ्या खाणीत जात होते. एक गेला तर किती गेले असतील? मग दोनशे बारा पेट्यांतल्या एकाही लेबलावर कुणी विश्वास ठेवायचा नाही. चाळीस वर्षांचं काम पाण्यात.

यातून सुटायला एकच वाट होती, आणि ती माझ्या तोंडून निघत नव्हती. मी त्यांच्या चाळण्यांकडे बघत बसलो.

“म्हणजे चूक नव्हती, लबाडी होती, हे कळायला हवं,” शेवटी ताईच म्हणाल्या. “आणि ती एकदाच झाली, आणि ती त्याची नव्हती.”

“हो.”

“मग हे मलाच बोलावं लागेल.”

“साहेब तुम्हाला पुन्हा पेट्यांना हात लावू देणार नाहीत, ताई.”

“कळतंय मला,” त्या म्हणाल्या. उठून त्यांनी दिवा लावला आणि मला कॉफी घेणार का विचारलं. मी नको म्हटलं, आणि घरी पोचेपर्यंत त्याचा पस्तावा करत राहिलो.

६

गुरुवारी दहाला परीक्षक आले. कृश, वयस्कर गृहस्थ, गळ्यात दोरीला भिंग. साहेबांनी स्वागताची दोन वाक्यं बोलून माझ्याकडे पाहिलं. मी बेचाळीस पट्ट्यांची स्लाइड टेबलावर ठेवली आणि बाजूला झालो. फोटोवाली दाराशी उभी होती. ताई माझ्या शेजारी.

परीक्षकांनी डोळा लावला, थोडा वेळ बघितलं आणि मान वर केली. “ही निळी आहे,” ते म्हणाले.

“ती मी टाकली,” ताई म्हणाल्या.

त्यांनी सगळं सरळ सांगितलं. कोणत्या दिवशी, कोणत्या डबीतून, कोणत्या ताटलीत. मंगळवारी मला गरम पाण्याला पाठवून ती कशी काढली, तेही. साहेबांच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या. परीक्षकांनी डबी मागितली. ताईंनी ती पिशवीतून आणलीच होती. चाळीस वर्षांत वेचून बाजूला काढलेले निळे दाणे, डबी जवळजवळ भरलेली. परीक्षक ती बघत बसले. मग त्यांनी मास्तरांच्या पेट्यांतून मनाला येतील त्या वीस स्लाइड काढायला लावल्या आणि एकेक तपासली. त्याला दीड तास लागला. एकाही स्लाइडमध्ये निळा दाणा निघाला नाही.

“इतकं स्वच्छ काम मी फार कमी ठिकाणी पाहिलंय,” ते म्हणाले. “म्हणूनच मला समजत नाही. हे असं काम करणाऱ्या बाईने हे का करावं?”

“भावाला बरं वाटावं म्हणून,” मी मध्येच बोललो. मला वाटलं, त्यांना पुन्हा सांगायला नको.

ताईंनी माझ्या दंडावर हात ठेवला. “ते काल यांना सांगितलं. ते खरं नाही,” त्या म्हणाल्या. “डोळे गेले तसा बाळ बोलेनासा झाला. रागाने नाही. दिसत नाही हे मला कळू नये म्हणून. सकाळी त्या यंत्राशी बसायचा, संध्याकाळी उठायचा. मी जेवण वाढायचे, तो जेवायचा. आठ महिने घरात दोन माणसं होती आणि मी नळ सोडायचे तेवढाच आवाज. कधी कधी मी नुसताच सोडून ठेवायचे.”

परीक्षकांनी भिंग खाली ठेवलं.

“ती पट्टी टाकली त्या दिवशी दुपारी त्याने हाक मारली. ‘ताई, इकडे ये, हे बघ.’ मी ओल्या हातांनी धावले. मग तो रोज बोलायचा. त्या पट्टीबद्दल, खाणीबद्दल, आई कशी होती त्याबद्दल. सात आठवडे. त्याला सांगून टाकायचं रोज ठरवायचे आणि रोज म्हणायचे, उद्या. मी ते त्याच्यासाठी केलं नाही. माझ्याशी कुणीतरी बोलावं म्हणून केलं.”

फोटोवाली तोंड फिरवून खिडकीबाहेर बघू लागली. मी रुमाल काढून डोळे पुसले. ते लपवण्याचं वय माझं राहिलेलं नाही.

परीक्षकांनी तिथेच बसून लिहिलं. नवी जात रद्द. बाकीचा संग्रह निर्दोष, मास्तरांच्या नावाने पूर्ण छापावा, आणि रेघा मोजून शंका घेणाऱ्या मुलीने तो छापावा. साहेबांनी ते वाचलं, सुस्कारा सोडला, आणि मग मला अपेक्षित होतं तेच केलं. ताईंना त्यांनी अगदी सौम्य शब्दांत सांगितलं, की यापुढे त्यांना संग्रहाच्या खोलीत येता येणार नाही. नियम आहे. ताईंनी मान हलवली. स्वतःचा कुंचला त्यांनी टेबलावरून उचलला, मग परत ठेवला.

मी त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेलो. दुपारची वेळ, थांब्यावर आम्ही दोघंच. मास्तरांचं नाव शाबूत राहिलं होतं. दोघांनाही ते कळत होतं आणि दोघांनाही पुढच्या मंगळवारचं सुचत नव्हतं. मला असल्या वेळी बोलता येत नाही. एकतीस वर्षं मी ज्यांच्यासमोर बसलो ते सगळे मेलेले होते, त्यांना बोलण्याची अपेक्षा नसते. बस वळणावर दिसली तेव्हा कुठे माझ्या तोंडून शब्द फुटले.

“मंगळवारी मी तुमच्याकडे आलो तर चालेल का, ताई?”

त्या पायरीवर चढल्या, दांड्याला धरून वळल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. कंडक्टर घाई करत होता.

“मंगळवारीच का?” त्या म्हणाल्या. “मी रोज घरी असते.”

बस सुटली. मीही रोज घरीच असतो, हे सांगायचं राहून गेलं. त्याच मार्गाची पुढची बस दहा मिनिटांनी होती. कचेरीत माझी पेन्सिल टोक काढायची तशीच पडली होती, साहेब वाट बघत असतील. मी थांब्यावर उभा राहिलो, आणि ती आली तशी चढलो.